‘लागणे’ आणि शिवणताई

४ फेब्रुवारी

सरांनी आज ‘लागणे’ माझ्या गळ्यात मारलं. “मुलांचा शब्दकोश आहे, वीस अर्थ पुरे,” म्हणाले. मी म्हटलं, “वीस निघाले तर!” ते चष्म्यावरून बघून नुसते हसले. जेवणाच्या सुट्टीत मी बोटांवर मोजत बसले. डबा संपेपर्यंत चौतीस झाले. तेव्हा त्यांच्या हसण्याचा अर्थ लागला. हा पस्तिसावा.

आमच्या ऑफिसात माणसांना नावं नाहीत, अक्षरं आहेत. ‘क’ दोन वर्षांत निवृत्त होणार, ‘प’ दिवसभर शिंकतो, आणि मी ‘ल’. सर तेवढे सगळ्या बाराखडीचे.

सरांची परीक्षा ठरलेली. एका चिठ्ठीवर अर्थ लिहायचा, दुसरीवर तो अर्थ दाखवणारं वाक्य. दोन्ही ढीग पिसायचे आणि कोशाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसापुढे ठेवायचे. त्याने जोड्या जुळवायच्या. जोडी चुकली तर माणूस चुकला नाही, आपलं वाक्य चुकलं. “आणि वाक्य कानावर पडलेलं हवं,” सर म्हणतात, “टेबलावर बसून रचलेलं नको.”

म्हणून ही वही. जिथे ‘लागणे’ ऐकू येईल तिथलं टिपायचं. बाकी काही लिहायचं नाही असं ठरवलंय. चव्वेचाळिसाव्या वर्षी एकट्या बाईच्या दिवसात लिहिण्यासारखं असतं तरी काय?

७ फेब्रुवारी

सकाळी सातला फोन. “मी बोलतेय,” एवढंच. आवाज ओळखायला वेळ लागला नाही. शिवणताई.

आठ वर्षं मी त्यांची सून होते. तो आणि मी वेगळे झालो त्यालाही आता सहा वर्षं होतील. तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या संसारात. पण कपडे मी त्यांच्याकडूनच शिवून घेत राहिले, माझं माप त्यांच्या हाताला पाठ म्हणून. गेल्या वर्ष-दीड वर्षात मात्र गेले नव्हते. दोनदा फोन केला तेव्हा “सध्या काम घेत नाही गं” म्हणाल्या, म्हणून नाद सोडला.

“घराला रंग द्यायला काढलाय,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवस येऊ का तुझ्याकडे? वासाने डोकं उठतं माझं.”

हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले. माझ्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत कोशाच्या चिठ्ठ्यांची खोकी. त्यांना म्हणू तरी काय? लग्नात ‘आई’ म्हणायचे. आता ते तोंडातून निघत नाही, आणि सगळी वस्ती म्हणते तसं तोंडावर ‘शिवणताई’ म्हणणं बरं दिसत नाही. इथे शिवणताईच लिहीन. समोर काहीच न म्हणता वाक्य सुरू करता येतं, मराठीची तेवढी कृपा आहे.

९ फेब्रुवारी

आल्या. टेम्पो घेऊन.

पंधरा दिवसांच्या पाहुणीचं सामान असं: शिलाई मशीन लोखंडी स्टँडसकट, दोन ट्रंका, भिंतीवरचं घड्याळ, पिठाचा डबा पिठासकट, कोरफडीची कुंडी, पडद्यांच्या तीन दांड्या आणि न्हाणीघरातला मग.

“हा मग कशाला?” मी विचारलं.

“रंगाऱ्यांचा काय भरवसा. मगात ब्रश बुडवतात.”

“आणि दांड्या?”

“त्या काढाव्याच लागतात. काढल्यावर ठेवायच्या कुठे?”

पटलं. टेम्पोवाल्याने तीन जिने चार वेळा चढून सगळं वर आणलं. जाताना तो म्हणाला, “काळजी घ्या मावशी,” आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, लांब जाणाऱ्या माणसाच्या ठेवतात तसा. पहिल्यापासूनच मायाळू आहेत त्या, टेम्पोवालाही सुटत नाही.

काढाव्या लागतात = करणे भाग पडणे. चांगलं वाक्य आहे, पण दांड्यांमुळे मुलं गोंधळतील.

१३ फेब्रुवारी

खाण सापडली आहे मला! शिवणताई तोंड उघडतात आणि ‘लागणे’ बाहेर पडतं. चार दिवसांची कमाई:

“दूध लागलंय बघ तळाला.” (करपणे)
“तुझ्या जिन्याला काही तिसरा मजला लागत नाही लवकर.” (वाटेत येणे)
“सदऱ्याला अडीच मीटर लागेल, दोनमध्ये बाही आखूड होईल.” (गरज असणे)
“नवी चप्पल लागते मला.” (टोचून इजा होणे)
“जरा डोळा लागला होता.” (झोप येणे)

मी वही घेऊन मागे मागे फिरते. सकाळी भाजी चिरताना बोट कापलं त्यांचं. “लागलं का?” विचारलं आणि दुसऱ्या हाताने पेन शोधायला लागले. त्या म्हणाल्या, “आधी रक्त पूस बाई, मग काय ते लिही.”

२४ फेब्रुवारी

पंधरा दिवस झाले. मुद्दाम नाही, सहज विचारलं, “काम कुठवर आलं?”

“भिंतीत ओल निघाली. ओल वाळल्याशिवाय रंग धरत नाही.”

“किती दिवस लागतील?”

“ओलीचं काय सांगावं.”

खरंय. ऑफिसातल्या ‘क’च्या भिंतीची ओलही महिनाभर वाळत नव्हती.

राग यायला हवा होता, पण आज परतले तेव्हा माझ्या तीन सदऱ्यांची सैल झालेली बटणं लावून ठेवलेली. निळ्या सदऱ्याला काळ्या दोऱ्याने लावली आहेत. सांगितलं नाही. वयाप्रमाणे आवडी बदलतात माणसाच्या.

२८ फेब्रुवारी

सरांनी माझं एक वाक्य लाल शाईने कापलं. वाक्य होतं, ‘बस लागली.’

“कुठे लागली?” सर म्हणाले. “फलाटाला की पोटात?”

सगळं ऑफिस हसलं, ‘प’ला तर शिंकाच आल्या. बरोबरच आहे त्यांचं. बस फलाटावर येऊन उभी राहिली तरी ‘लागली’, आणि बसमध्ये मळमळलं तरी ‘लागली’. कोण बोलतंय, कुठे बोलतंय, चेहरा कसा आहे, हे कळल्याशिवाय अर्थ ठरत नाही. “शब्दाकडे बघू नका,” सर म्हणाले, “आजूबाजूला बघा.”

घरी येऊन शिवणताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग इतकी वर्षं पगार कशाचा देतात तुम्हाला? हे तर पोरंसुद्धा जाणतात.”

२ मार्च

जोड्यांची परीक्षा शिवणताईंवर घ्यायचं ठरवलं. कोशाशी संबंध नसलेलं माणूस घरातच असताना बाहेर कशाला शोधा? टेबलावर डावीकडे अर्थाच्या चिठ्ठ्या मांडल्या, उजवीकडे वाक्यं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाल्या, “तू वाच. ऐकल्याशिवाय शब्द कळतो का कधी?”

किती खरं! सरांना सांगायला हवं. मी वाचत गेले, त्या जोड्या सांगत गेल्या. एकामागून एक सोळा बरोबर. मग वाचलं, “त्याचं बोलणं तिला लागलं.”

शिवणताई पदर सारखा करायला लागल्या.

“सोपं आहे,” मी म्हटलं. “मनाला दुःख होणे, किंवा...”

“हे वाक्य कुठे ऐकलंस?”

“कुठेच नाही. एवढं एक मीच रचलंय.”

“रचलेलं नाही ते,” त्या म्हणाल्या. “तो तुला म्हणाला होता ना, ‘तुझ्याशी बोलणं म्हणजे डिक्शनरी वाचणं, सगळं असतं आणि गोष्ट नसते’? मी स्वयंपाकघरात होते. भांडं घासत राहिले. तेच भांडं परत परत घासलं. बाहेर येऊन त्याच्या कानाखाली आवाज काढायला हवा होता मी.”

हे त्यांनी ऐकलं होतं हे मला माहीतच नव्हतं. मी उगाच खोक्यातल्या चिठ्ठ्या सारख्या करत बसले. मग त्या म्हणाल्या, “दुसरं वाच. त्यातच अडकून बसण्यात अर्थ नाही.” पुढचं वाक्य ‘आंब्याला मोहर लागला’ होतं. तेही बरोबर ओळखलं त्यांनी.

९ मार्च

रंगारी आजारी पडला म्हणे. मी म्हटलं, “दुसरा बघू.” तर त्या म्हणाल्या, अर्धं काम झाल्यावर दुसरा कुणी हात लावत नाही. मला आता त्या माणसाचा खरंच राग यायला लागलाय. म्हाताऱ्या बाईला महिना-महिना घराबाहेर काढून ठेवायचं म्हणजे काय?

“त्याचा नंबर द्या, मीच बोलते.”

“त्याचा फोन लागत नाही.”

‘जोडला जाणे’! हा अर्थ माझ्याकडे नव्हताच. ताबडतोब लिहून घेतला. शिवणताई कोरफडीला पाणी घालत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मी अडचण करते का गं तुला?”

“छे, उलट मला किती शब्द मिळतात,” मी म्हटलं.

कुंडीतून पाणी वाहून खाली फरशीवर आलं तरी घालतच होत्या.

११ मार्च

मी आंधळी आहे. म्हणजे आंधळ्या होत चालल्यात त्या, आणि दिसलं नाही मला.

सकाळी त्यांनी चहा ओतला तो कपाच्या बाजूला. सरळ टेबलावर, धार धरून, शांतपणे. मी ओरडले तेव्हा थांबल्या. मग एकेक आठवायला लागलं. काळा दोरा. कापलेलं बोट. वाहिलेलं पाणी. चिठ्ठी लांब धरणं, जवळ धरणं, आणि ‘ऐकल्याशिवाय शब्द कळतो का’. मी तर ते वाक्य सरांनासुद्धा ऐकवलं होतं!

“कधीपासून दिसत नाही?”

“दिसतं की. धुकं आहे थोडं.”

“किती दिवस?”

“दिवस नाही,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं असेल.”

सुईत दोरा ओवता येईना म्हणून काम बंद केलं होतं त्यांनी. मशीन मात्र बरोबर आणलं.

खूप रागावले मी. आवाज चढवून बोलले. त्या ऐकून घेत होत्या आणि हाताने टेबलावरचा चहा चाचपून पुसत होत्या. मग मी फडकं हातातून घेतलं.

१५ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. “इतके दिवस काय करत होतात?” त्यांनी मला विचारलं. मला! आणि मी, “कामाच्या गडबडीत राहूनच गेलं,” असं म्हणाले. माझंच चुकलंय अशा थाटात. घरी येताना रिक्षात शिवणताई म्हणाल्या, “खोटं कशाला बोललीस?” मी म्हटलं, “खरं सांगायला तिथे वेळ लागला असता.”

उजव्या डोळ्याचं एकोणीसला करायचं ठरलं. सुट्टी टाकली. सर म्हणाले, “‘लागणे’ पंचवीसपर्यंत हवं.” देईन म्हटलं.

१९ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दवाखान्याच्या खिडकीमागे जाड भिंगांचा कारकून. शिवणताई चाकाच्या खुर्चीत, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा. तो झगा बघून पहिलं काय बोलल्या असतील? “बगलेत चुकलाय.” पत्ता त्यांनीच कारकुनाला घडघडा सांगितला, त्यांच्या घराचा. मग त्याने मान वर न करता मला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण लागता?”

एकोणचाळीस अर्थ लिहून बसलेली बाई मी. आणि मी चाकाची खुर्ची उगाच पुढेमागे केली.

“बाई, मागे रांग आहे. कोण लागता?”

“मी... म्हणजे त्यांचा मुलगा माझा...”

“सून,” खुर्चीतून आवाज आला.

“होते,” मी म्हटलं.

कारकुनाने पहिल्यांदा वर बघितलं. “होता की आहात? एकच लिहिता येतं इथे.”

“आहे,” शिवणताई म्हणाल्या. “सून आहे. लिही तू.”

मी वाकून हळू आवाजात म्हटलं, “अहो, कागद झालेत ना सगळे. सहा वर्षं झाली.”

त्यांनी मान फिरवली. धुक्यातून मला शोधत, माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत त्या म्हणाल्या, आणि हळू आवाजात वगैरे अजिबात नाही, “सह्या तुम्ही दोघांनी केल्यात. माझी घेतली होती का कुणी? मला विचारलं होतं का? नवरा-बायकोचं तुटलं ते तुटलं. माझं मी कुठे तोडलंय?”

कारकुनाने ‘सून’ लिहिलं आणि शिक्का मारला. मग भिंगं काढून पुसायला लागला.

त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी बसले होते तेव्हा ध्यानात आलं की हा अर्थ माझ्या खोक्यात नाही. नातं असणे. दीड महिना दूध, चप्पल, बस, मोहर गोळा करत हिंडले आणि हा सुटला. माझ्या खांद्यावर त्यांची पर्स होती. त्यातून रुमाल काढला, त्यांचाच. कडेला बारीक हातशिलाई, एक टाका इकडे तिकडे नाही. जुना असणार.

पाऊण तासाने आईंना बाहेर आणलं, डोळ्यावर पट्टी. म्हणाल्या, “झालं? मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय.”

२१ मार्च

काल पट्टी काढली. आधी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ.

“केस पांढरे झाले की गं तुझे,” आई म्हणाल्या.

“दीड वर्षाने नीट बघताय.”

“आणि हा सदरा! कुणी शिवला? खांद्यातून उतरलाय.”

घरी आल्यापासून घरभर फिरून बघताहेत. मला कोळ्यांची जाळी दाखवतात, कोपऱ्यातली धूळ दाखवतात. निळा सदरा काढून उजेडात धरला आणि कपाळावर हात मारला. संध्याकाळपर्यंत सगळी बटणं उसवून निळ्या दोऱ्याने परत लावली. एका डोळ्याने. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत. मी बाटली घेऊन गेले की लहान मुलासारख्या डोळे घट्ट मिटून बसतात.

२५ मार्च

‘लागणे’ दिलं. वीस अर्थ, वर एक. सरांनी एकविसाव्यावर बोट ठेवलं. “नातं असणे? मुलांना काय करायचाय हा?”

“सर, मुलांनाच सगळ्यात जास्त विचारतात. हा तुझा कोण लागतो, ती तुझी कोण लागते. सांगता आलं नाही तर पोर रडकुंडीला येतं.”

“वाक्य काय दिलंयत?”

‘दवाखान्यात मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण लागता?’

सर म्हणाले, “वाक्यात उत्तर नाही.”

“उत्तर नसलं तरी अर्थ ठरतो ना?”

त्यांनी चष्मा काढला. “ठरतो,” म्हणाले, आणि ‘वीस’ खोडून ‘एकवीस’ केलं. त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली, त्यांनी स्वतःचा आकडा खोडलेला पहिल्यांदाच बघितला. आईंना सांगितलं तर म्हणतात, “एवढं कौतुक? कपड्याला सुद्धा दोन इंच जास्तीचं ठेवतातच की आतून.”

३ एप्रिल

आज प्रुफं घेऊन छापखान्यात गेले होते. तिथून आईंचं घर दोन गल्ल्यांवर. म्हटलं, डोकावून यावं, रंगारी भेटला तर चांगली खरडपट्टी काढावी, आणि रंग कसा दिसतो ते आईंना सांगावं. आनंद होईल त्यांना.

घराला रंग दिलेला नाही. तोच फिका पिवळा, तसाच पोपडे आलेला. खिडकीत अनोळखी पडदे. व्हरांड्यात तीन चाकांची सायकल. दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी.

समोर इस्त्रीवाली बसते, वर्षानुवर्षं तीच. तिने ओळखलं मला. “शिवणताई कशा आहेत? घर विकल्यापासून दिसल्याच नाहीत.”

“कधी विकलं?”

“वर्ष होऊन गेलं की. मुलाच्या नावावर केलं होतं ना त्यांनी, त्याने विकलं. आधी बहिणीकडे होत्या. बहीण गेली, मग भाच्यांनी... जाऊ दे. आता कुठे असतात?”

“माझ्याकडे,” मी म्हटलं.

“मग बरंय,” ती म्हणाली आणि इस्त्री परत फिरवायला लागली.

बसने यायचं सोडून चालत घरी आले. दीड तास. ओल. आजारी रंगारी. न्हाणीघरातला मग. मी सगळं लिहून घेतलं होतं, शब्दन् शब्द.

दार उघडलं तर आई मशीनवर बसलेल्या, माझ्या सदऱ्याचा खांदा उसवून नीट करत. “उशीर केलास,” म्हणाल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, “रंगारी म्हणतो, अजून महिना.”

मी पाण्याचा ग्लास भरला, प्यायले. “दोन घेऊ दे म्हणावं. घाईत काम नासतं.”

मशीन थांबलं नाही. पण टाके तिरके गेले असणार, कारण नंतर तेवढी शिवण त्यांनी परत उसवली.

८ एप्रिल

पाच दिवस झाले. काही बोलले नाही. बोलावं की नाही कळत नाही. त्या खोटं बोलल्या म्हणून राग येतोय का, तर नाही. त्यांना माझ्याशी खोटं बोलावं लागलं याचं वाईट वाटतंय. मीही तशीच आहे. वेगळी झाले तेव्हा ऑफिसात चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याला फोन करून दोन शब्द सुनवावेत असंही मनात आलं. नंबर काढला आणि ठेवला. आईंना कमीपणा येईल.

१२ एप्रिल

डाव्या डोळ्यासाठी आज दवाखान्यात गेलो. तोच कारकून. यावेळी त्याने कोण लागता विचारलं नाही, फॉर्मच माझ्याकडे सरकवला, “भरा ताई.” मी भरला. आई शेजारी उभ्या. उजव्या डोळ्याने आता बारीक अक्षरही दिसतं, त्यामुळे दिसेल ते वाचायची हौस. पाट्या, औषधाची खोकी, लोकांच्या हातातले कागद. माझ्या खांद्यावरून फॉर्म वाचत होत्या.

“हा पत्ता चुकलाय,” म्हणाल्या.

“नाही चुकला.”

“तुझा घातलास.”

“वाचा ना नीट.”

त्यांनी फॉर्म हातात घेतला. वाचला. घराचा नंबर, तिसरा मजला, रस्ता, सगळं मोठ्याने वाचलं. मग तो कागद छातीशी धरून बाकावर बसल्या. मी शेजारी बसले.

“कधी कळलं?”

“तीन तारखेला.”

“तरी दोन महिने घेऊ दे म्हणालीस.”

“हो.”

“मी तुला फसवलं.”

“दोन महिने सगळं समोरच तर होतं. मला काही दिसलंच नाही. मोतीबिंदू माझ्यातच होता.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कुणाच्या दारात जाऊन ‘मला ठेवून घ्या’ म्हणायला जीभ वळेना. पंधरा दिवस मागितले. पंधरा दिवस कुणीही देतं. मग रोज वाटायचं, आज सांगू. तू वही घेऊन यायचीस आणि मी काहीतरी बोलायचे.”

मी म्हटलं, “आई, मला राग आलाय. सांगितलं असतं तर टेम्पोवाल्याकडून पलंगही आणून घेतला असता. दोन महिने तुम्ही जमिनीवरच्या गादीवर कमरेची वाट लावून घेतलीत.”

मग मात्र त्या रडल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणून मी घाईने रुमाल शोधत होते आणि त्या म्हणत होत्या, “राहू दे गं, चांगलं धुऊन निघतंय.” कारकुनाने खिडकीतून हात बाहेर काढून फॉर्म मागितला. आईंनीच उठून दिला.

२० एप्रिल

डावा डोळाही झाला. परवा पलंग आणला. तो ठेवायला माझं टेबल सरकवावं लागलं, त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. खिडकीपाशी मशीन हवं की टेबल? “मला उजेड लागतो,” त्या म्हणाल्या. “मलाही लागतो,” मी म्हटलं. शेवटी खिडकीचे दोन भाग केले, डावा त्यांचा आणि उजवा माझा. आता काम करताना कोपराला कोपर लागतं.

सकाळी मी आत खोकी लावत होते तेव्हा फोन वाजला. आईंनी घेतला. त्याचा होता. बहिणीच्या मुलांकडून कळलं असावं. तो काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, आईंचंच ऐकू येत होतं.

“हो, दोन्ही डोळ्यांचं झालं... कुणी म्हणजे? सुनेने केलं... नाही रे, तसली काही सोय बघू नकोस माझी. मी इथेच राहते... हो, कायमची... तिला विचारलंय का? पत्ता तिने स्वतःच्या हाताने लिहिलाय, शिक्का आहे वर.”

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मला वाटलं, आता नरम पडतील. पोटचा मुलगा आहे शेवटी.

“ते सगळं ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “तू जेवून घेत जा वेळेवर. आणि आता मला इतकंच सांगायचंय. तिच्याशी बोलणं म्हणजे काय असतं ते तुला कळलं नाही. तुझंच नुकसान. मी रोज बोलते... नाही, आता नाही देत तिला. कामात आहे ती. तिचा ल संपत आलाय.”

फोन ठेवून मशीनवर जाऊन बसल्या.

ल संपायला अजून नऊ महिने आहेत. मी ‘लाघव’ची चिठ्ठी काढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.